दगड अजून ओला करू नकोस

एस्तेर, तू नको म्हणाली होतीस, तरी मी तुझा दगड ओला केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायचं असेल तर सुरुवातीलाच भांडून घे. तसंही आपलं बोलणं बहुतेक वेळा भांडणानेच सुरू व्हायचं. पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा खिडकीकडची जागा कोणाची यावरून, आणि मोठ्या झाल्यावर चित्रांवरून.

तुला मातीत ठेवून आलो त्याला अजून महिनाही झालेला नाही. लोक येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, सुटली बिचारी, शांत झाली. मी मान हलवते, चहा देते. तू शांत झालेली नव्हतीस हे त्यांना कुठून माहीत असणार. तुझं शेवटचं काम नोएडाच्या आपल्या शेडमध्ये वर्तमानपत्राखाली झाकून पडलं होतं, अर्धवट, आणि तुझा सगळा जीव त्यात अडकला होता.

हॉस्पिटलमधली ती दुपार सारखी आठवते. तुझी लेक रूथ औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोप लागली. मी पिशवी उचलून निघणार, एवढ्यात तू म्हणालीस, "शालू, तो दगड अजून ओला करू नकोस. अजून एक बैठक हवी." मी बरं म्हटलं. मग तू विचारलंस, शेडमधल्या कूलरमध्ये पाणी भरतेस की नाही. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. चाळीस वर्षांच्या मैत्रीचा शेवट कूलरवर व्हावा याचा मला अजून राग येतो.

तू गेल्यावर आठवड्याच्या आत तो गॅलरीवाला शेडमध्ये आला. तोच, पांढरे बूट घालणारा. आल्या आल्या त्याने वर्तमानपत्र उचललं आणि दगडाकडे बघून हात जोडले. मग हिंदीत म्हणाला की मॅडमचं हे आखरी काम आहे, याचे पंचवीस छाप काढू, मागे शिक्का मारू, बाजारात एकदम वेगळी चीज होईल. मी त्याला सांगितलं, काम झालेलं नाही. तो म्हणाला, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे, त्यात झालं काय आणि नाही झालं काय. एस्तेर, तू असतीस तर खराटा घेऊन धावली असतीस. मी नुसतं वर्तमानपत्र परत घातलं आणि त्याला बिनसाखरेचा चहा दिला.

पण त्याला समजावताना मला तूच आठवत होतीस. नव्या मुली शेडमध्ये आल्या की तू त्यांना किती सोपं करून सांगायचीस. हा चुनखडीचा दगड. यावर चरबीच्या कांडीने, चरबीच्या शाईने काढायचं. मग डिंकाचं पाणी आणि आम्लाचे थेंब लावून चित्र दगडात मुरवायचं. मग दगड ओला करायचा, की जिथे चरबी आहे तिथे पाणी थांबत नाही आणि जिथे पाणी आहे तिथे शाई थांबत नाही. बस, तेल आणि पाण्याचं वैर, एवढीच विद्या. मुली हसायच्या. मग तू माझ्याकडे बोट दाखवायचीस आणि म्हणायचीस, मी तेल आणि ही पाणी, म्हणून आमचं काम चालतं.

काढणारी तू, छापणारी मी. आपल्यातला रिवाज किती साधा होता. चित्र पूर्ण झालं की तू कांड्या डब्यात ठेवायचीस, हात पुसायचीस आणि दोन शब्द म्हणायचीस, "आता तुझं." ते म्हणेपर्यंत मी दगडाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. एकदा तू ते दोन शब्द म्हणायला सबंध उन्हाळा लावलास, मी रोज येऊन डबा उघडून भाजी-पोळी खाऊन परत जात होते. आणि या शेवटच्या दगडासाठी तू ते म्हणाली नाहीस. उलट नको म्हणालीस. मग माझ्या डोक्यात एवढा गोंधळ का झाला, तेच तुला सांगायला बसले आहे.

तो दगडही साधा नाही. आठवतं ना, जुन्या दिल्लीतला तो लेबलं छापणारा छापखाना बंद होत होता. ऑफसेटच्या मशिनी आल्या, दगड कोणाला नकोसे झाले. मालक ते गल्लीत पायऱ्यांसाठी विकायला निघाला होता. तू तुझ्या सरोजिनी नगरच्या हिंदीत त्याच्याशी अशी हुज्जत घातलीस की त्याने शेवटी आपल्याला लिंबूपाणी पाजलं. त्यातला सगळ्यात मोठा दगड हा. त्याच्यावर केसांच्या तेलाची जाहिरात होती, लांब केसांची बाई. आपण तो घासला, आणि पाणी पडलं की ती बाई परत दिसायची. तू परत घासायला बसायचीस. दगडावर वाळू नि पाणी, त्याच्यावर छोटा दगड, आणि आठाच्या आकड्यासारखे फेरे. हात दुखले तरी म्हणायचीस, अजून एक हात. ती बाई पार गेली तेव्हाच थांबलीस.

तेव्हापासून तुझा नियमच झाला. छाप काढून झाले की दुसऱ्या दिवशी दगड तू स्वतः घासायचीस. मला ते कधीच आवडलं नाही. एवढं सुंदर काम, निदान एक दगड ठेव म्हणून मी कितीदा म्हटलं असेल. तुझं उत्तर ठरलेलं, दगड अडवून ठेवायचा नाही, पुढची वाट बघतेय. पुढची म्हणजे कोण, तर शेडमध्ये येणारी कुठलीही पोरगी, जिला धड कांडीही धरता येत नाही.

तुझं काढणंही कसं. सकाळभर स्टुलावर बसून कोऱ्या दगडाकडे बघायचं. शेजारी खराट्याच्या काड्यांची जुडी, गोणपाटाचा तुकडा, जुन्या पातळाचा बोळा, वाटीत चरबीची शाई. मग बांगड्या काढून ठेवायच्या आणि उभं राहून काही क्षणांत सगळं. खांद्यापासून हात फिरायचा, खराटा सपकन् दगडावर यायचा, गोणपाट दाबला जायचा. बघणाऱ्याला वाटायचं बाईला राग आलाय. मी एकदा म्हटलं, याला चित्र म्हणायचं की झटापट. तू म्हणालीस, झटापट नाही गं, फोडणी आहे. तयारी अर्धा तास, काम एका दमात, आणि मोहरी जळली की जळली. त्यानंतर तुझी चित्रं मला कळायला लागली असं नाही, पण छापताना हात जपून चालायला लागला.

कोपर्निकस मार्गावरच्या सदनात आपण छाप मांडले होते, तेव्हाची तुझी ऐट आठवते. दिल्लीतली सगळी मराठी मंडळी आली होती, गणपतीतल्या कार्यक्रमाला येतात तशी. एका निवृत्त काकांनी विचारलं, पण यात दाखवलंय काय. तू म्हणालीस, "काका, पुरणपोळी खाताना विचारता का, यात काय दाखवलंय म्हणून?" काका खुदकन हसले आणि दोन फेऱ्या जास्त मारून गेले. त्याच दिवशी तो गुडगावच्या कंपनीचा माणूस तिथे आला, आणि तिथूनच आपलं खरं भांडण सुरू झालं.

ते दिवसच तसे होते. रोज कुठेतरी नवी कंपनी, नवी गाडी, नवं चॅनेल. गुडगावला शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्या सगळ्यांच्या लॉबीत भिंती रिकाम्या होत्या. कंपनीने तुझे चार मोठे छाप घेतले. उद्घाटनाला आपल्याला न्यायला गाडी आली. सॅम्युअलने लग्नातला सूट घातला होता, सरकारी नोकरीतला तुझा गरीब नवरा, तो सबंध रस्ता खिडकीची काच खाली-वर करून बघत होता. रूथ तिसरीत असेल, झालरीचा फ्रॉक, केसांना रिबन. बाहेर धुळीचे लोट आणि आत संगमरवरावर कारंजं.

आत गेल्या गेल्या मला दिसलं. चारांतला सगळ्यात मोठा छाप उलटा लावला होता. खालचं वर, वरचं खाली. सही तू पेन्सिलीने खाली केली होतीस, पण त्यांच्या फ्रेमवाल्याने नीटनेटकं दिसावं म्हणून कडेची पट्टी तिच्यावर घातली, मग त्याला कळणार कसं. तुलाही दिसलं. तू चालता चालता थांबलीस, मी बघितलं. मी त्या कंपनीच्या माणसाकडे निघाले, तर तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, "राहू दे, शालू." आणि हसत पुढे गेलीस. छापाखाली रूथ हातात सरबताचा ग्लास घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, हा डोंगर आहे, माझ्या आईने केलाय. लोक तिचे गाल ओढत होते. तू तिच्याजवळ जाऊन उभी राहिलीस आणि फोटो काढून घेतलास.

परतीच्या वाटेवर मी तुला सोडलं नाही. रूथ झोपली होती, सॅम्युअल पुढे ड्रायव्हरशी गप्पा मारत होता, म्हणून हळू आवाजात भांडलो. मी म्हटलं, ज्या बाईने एका काळ्या ठिपक्यासाठी माझे अठरा कागद फाडायला लावले, ती बाई चित्र उलटं लागलेलं बघून हसते कशी. तू म्हणालीस, काय फरक पडतो. मी म्हटलं, फरक पडत नसेल तर आपण एवढी वर्षं दगड कशाला घासत होतो.

नंतर कितीदा विचारलं, दर वेळी उत्तर वेगळं. कधी, साहेब लोक खूश होते, कशाला रसभंग. कधी, अगं, मलाच तसं बरं वाटलं. कधी नुसतंच, तू जेवलीस का. आणि मग कामं येत गेली. हॉटेलं, ऑफिसं, छत्तरपूरकडची ती फार्महाऊसं. सोफ्याला जुळेल असा निळा हवा, मॅडम, जरा टेक्स्चर जास्त टाका. तू टाकलंस. कॅनव्हासवर, पटापट. दगडाकडे येणं कमी होत गेलं. फोडणी तीच, पण आता हॉटेलातल्यासारखी, सगळ्या भाज्यांना एकच. मी तुला म्हटलं, तुझ्या हाताला कार्पेटची सवय लागली आहे. ते तुला लागलं, मला माहीत आहे. मी ते मागे घेतलेलं नाही. मला तेव्हाही वाटत होतं आणि पुढेही वाटत राहिलं, की त्या लॉबीत तू काहीतरी सोडून दिलंस आणि घरी आलीस.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, आजार कळल्यावर, तू टॅक्सीतून शेडच्या दारात उतरलीस आणि म्हणालीस, मला मोठा दगड हवा, तेव्हा मी काही विचारलंच नाही. तुला घासवत नव्हतं. पहिल्यांदा तुझ्यासाठी मी दगड घासला आणि तू शाल पांघरून स्टुलावर बसून हुकूम सोडत राहिलीस, अजून एक हात, अजून एक हात. मग तू येत राहिलीस. एकेका बैठकीत दोन-चार फटकारे, मग दम लागायचा. हात थरथरायचा. डाव्या हाताने दगडाची कड धरायचीस, उजव्याने खराटा. मी लांबून बघायचे.

चित्र कसं होतंय, हे मला कळत नव्हतं. तूच म्हणायचीस, दगडावर सगळंच छान दिसतं, खरं काय ते कागद सांगतो. करड्या दगडावर करडी चरबी, कोणीही फसेल. आणि माझा जीव त्यातच अडकला. हे काम म्हणजे परत लॉबी आहे, की तू खरोखर परत आली आहेस. तुला विचारण्याची सोय उरली नव्हती. कागदाला विचारण्याची होती, पण तू नको म्हणून गेली होतीस.

मग रूथ आली. अर्धी सुट्टी घेऊन आली होती बिचारी, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा तसाच. गॅलरीवाला तिला आधीच भेटला होता. पण ती त्याच्यासारखी बोलली नाही. दगडाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला विकायचं बिल्कुल नाहीये. पण आईचं शेवटचं काहीतरी घरात हवं ना, यार. सगळं लोकांच्या भिंतीवर आहे. माझ्या भिंतीवर काहीच नाही." मी तिला तुझं हॉस्पिटलमधलं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "ती तर सूपसुद्धा नको म्हणायची. मग आपण ऐकायचो का?" मी म्हटलं, विचार करते.

विचार करायला मे महिना फार वाईट. शेडच्या पत्र्याखाली भट्टी लागलेली, वीज दुपारी जाते ती संध्याकाळी येते. चरबी उष्णतेने पसरते, तुला काय सांगायचं. रोज वर्तमानपत्र उचलून बघत होते, खराट्याच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. आणखी पंधरवड्यात तिथे नुसता काळा गोळा राहिला असता. बाहेर ती मेरठची नवी मुलगी, जिला तू मोठा दगड कबूल केला होतास, ती रोज येऊन छोट्या दगडावर काम करत होती. छापायचं नाही हे तुझं म्हणणं. दगड अडवायचा नाही हेही तुझंच म्हणणं. दोन्ही पाळायचं तर न बघताच तुझं काम पुसायचं होतं. ते माझ्याने होईना. रागवायचं तर रागव, पण मी तेवढी संत नाही.

शेवटी ठरवलं, एकच. विक्रीचा छाप नाही, नुसती पहिली चाचणी. जी काढून आपण समोरच्या भिंतीला टाचणीने लावायचो आणि तू लाल पेन्सिल घेऊन तिच्यावर फुल्या मारायचीस. चाचणी म्हणजे काम नव्हे, हेही तुझंच वाक्य. तुझ्याच वाक्यांतून पळवाट काढली.

डिंक लावला, मुरू दिला. मग टर्पेंटाइनने पुसलं. तो क्षण मला इतक्या वर्षांत कधी सोपा गेला नाही. चित्र दगडावरून डोळ्यांदेखत नाहीसं होतं, कोरा दगड राहतो, आणि छापणारीने नुसता विश्वास ठेवायचा की ते आत आहे. तू नेहमी त्या वेळी माझ्या मागे येऊन उभी राहायचीस आणि माझ्या पाठीवर तुझा श्वास लागायचा. या वेळी मागे कोणी नव्हतं. मी रडले, एस्तेर. मग स्पंज घेतला, दगड ओला केला आणि शाईचा रूळ फिरवला. एक फेरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला तुझा खराटा वर आला.

कागद भिंतीला लावला आणि तू बसायचीस त्या स्टुलावर बसले. खोटं सांगत नाही. ते सुंदर नव्हतं. उजवीकडे गोणपाटाची खरड जास्त झाली होती, तुला ती हॉटेलवाली सवय तिथे नडली होती. पण मध्ये तू एक मोठी जागा कोरी सोडली होतीस आणि तिच्या कडेने तो थरथरता फटकारा गेला होता, थांबत, परत निघत. तसा तुझा हात मी कधीच बघितला नव्हता. त्यात सोफा नव्हता, साहेब नव्हते, कोणाला खूश करणं नव्हतं. त्या कोऱ्या जागेत काय यायचं होतं ते तुलाही माहीत नसावं, म्हणूनच तुला आणखी एक बैठक हवी होती. तू परत आली होतीस. मला तेवढंच बघायचं होतं, आणि ते बघून मला जास्तच वाईट वाटलं. संपलेल्या माणसाला निरोप देता येतो. तुझं तर सगळं चालू होतं.

आणि खालच्या कडेला तुझा हात उठला होता. दगडाची एक बाजू भिंतीला, म्हणून तू कायम समोरच्याच बाजूला बसायचीस आणि तुझ्या तळव्याची चरबी कायम खालच्या कडेला लागायची. प्रत्येक दगडावरून तो डाग मी छापण्याआधी खरवडून काढत आले, सगळ्या जन्मात कागदावर येऊ दिला नाही. चाचणीत मात्र काही काढायचं नसतं. म्हणून आला. मनगटाकडचा भाग, अंगठ्याचा उंचवटा आणि वर वळलेली दोन बोटं.

गॅलरीवाल्याला फोन करून सांगितलं की छाप निघणार नाहीत. तो म्हणाला, आप बहुत इमोशनल हो रही हैं. मी म्हटलं, हो.

रविवारी रूथला बोलावलं. चाचणी दिली आणि सांगितलं की ही एकच आहे, हिच्यावर सही नाही, आणि हिला काम म्हणायचं नाही. तिने कागद दोन्ही हातांनी धरला, लहान मूल धरावं तसा, आणि मान हलवली. मग मी दगड उघडा केला, वाळू टाकली, पाणी ओतलं. तिला कळलं मी काय करते आहे. काही वेळ ती लांब उभी राहिली. माझं मनगट आता पूर्वीसारखं चालत नाही, जरा फेरे झाले की कळ येते. मी थांबले, छोटा दगड तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "आता तुझं."

ते शब्द तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलेत. तिने कागद स्टुलावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि घासायला लागली. करड्या पाण्यात तुझा खराटा विरघळत गेला. धुऊन दगड ओला होता तेव्हा मध्यभागी अजून पुसटसं काही दिसत होतं. रूथने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अजून एक हात. तिने घासलं. दुसऱ्या दिवशी मेरठच्या मुलीने त्याच्यावर काम सुरू केलं, आणि वाईट करते आहे.

इथे मी थांबणार होते. पण काल रूथकडे गेले आणि आता तुला ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

इंदिरापुरमला तिचा तो नवा फ्लॅट, तू दोनदाच बघितलास. खाली अजून वाळूचे ढिगारे, लिफ्ट बंद, मी धापा टाकत वर पोहोचले. दारातच तिने माझे डोळे झाकले आणि आत नेलं. सोफ्याच्या वर, फ्रेम करून, तुझी चाचणी लावली होती. उलटी.

तुझा तळवा वरच्या कडेला होता. मी तोंड उघडलंच होतं, एस्तेर. रूथ म्हणाली, "मला बघताक्षणी कळलं कशी लावायची ते. बघ ना, वर हा ढग आहे." आणि माझ्याकडे बघून हसली. तिचा तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता, झालरीच्या फ्रॉकवर, हातात सरबताचा ग्लास.

मी म्हटलं, रूथ, तो ढग नाही, आईचा हात आहे. एवढं सांगणं भाग होतं, तिचं होतं ते. ती सोफ्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि बोटं खाली करून काचेवर आपला डावा हात टेकवला. तो जुळेना. मी सांगितलं, छापात डाव्याचा उजवा होतो. तिने उजवा टेकवला. तशीच उभी राहिली, कपाळ काचेला लावून, आणि म्हणाली, "वरून हात ठेवलाय तिने. पाद्रीसाहेब डोक्यावर ठेवतात तसा. हो ना, मावशी?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. तुझं स्टूल कुठे असायचं, दगडाची खालची कड कुठली, मी कशी चूक नाही. उभा जन्म मी कागदाची वरची बाजू ओळखण्यात घालवला आहे.

मी म्हटलं, हो.

मग तिने चहा केला, आम्ही तुझ्याबद्दल बोललो, ती थोडी रडली, मी उतरून रिक्षा केली. लॉबीतलं चित्र अजून तसंच आहे म्हणतात. राहू दे.